पोटाचं इंजेक्शन आणि अंगावरचे चट्टे: कोकणातल्या क्रोन्स-कोलायटिसच्या रुग्णांसाठी

आंब्याच्या पेट्या भरायचे दिवस होते. तळहाताला खाज सुटली तेव्हा मी चिकालाच दोष दिला. देठ मोडला की हापूसचा चीक चिळकांडीसारखा उडतो आणि जिथे बसतो तिथली कातडी काळी पडते, हे देवगडात लहान पोरालाही ठाऊक असतं. पण चौथ्या दिवशी तळहाताच्या मधोमध मोहरीएवढ्या पिवळ्या पुळ्या दिसल्या. संध्याकाळी पडवीत पाय धुताना पाहिलं, तर तळपायाच्या खळग्यातही तशाच. सासूबाईंनी माझा हात उजेडात धरला आणि म्हणाल्या, “ह्या चिकाचा नाय गो. चीक पायाच्या तळव्याक कसो लागतलो?”

त्यांचं खरं होतं. मला तेव्हा सात महिन्यांपासून क्रोन्ससाठी, म्हणजे आतड्याच्या लांबत जाणाऱ्या दाहासाठी, अडॅलिम्युमॅबचं इंजेक्शन सुरू होतं, दर पंधरवड्याला एक. पोट इतकं शांत होतं की औषध आणि हात यांचा काही संबंध असेल असं मनातही आलं नाही. त्यानंतर मी दोन चुका केल्या. पहिली, मेडिकलमधून तीन औषधं एकत्र असलेली मलमाची ट्यूब आणली. दुसरी, एका डॉक्टरांनी “इंजेक्शनची अॅलर्जी आहे, बंद करा” म्हटल्यावर पोटाच्या डॉक्टरांना न विचारता दोन डोस चुकवले. पुळ्या मलमाने आठ दिवस दबल्या आणि दुप्पट होऊन आल्या. पोट पाचव्या आठवड्यात बिघडलं.

हा लेख त्या दोन चुका तुमच्याकडून होऊ नयेत म्हणून लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, नऊ वर्षांपासूनची रुग्ण आहे. यातली प्रत्येक गोष्ट मी माझ्या दोन्ही डॉक्टरांना, पोटाच्या आणि त्वचेच्या, विचारून घेतलेली आहे. तुमचा निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यायचा.

कोणत्या औषधांबद्दल बोलतोय

बायोलॉजिक म्हणजे जिवंत पेशींमध्ये तयार केलेली, शरीरातला एखादा ठरावीक संदेश अडवणारी प्रथिनं. आतड्याच्या दाहात टीएनएफ-अल्फा नावाच्या संदेशाचा मोठा हात असतो. इन्फ्लिक्सिमॅब (सलाईनमधून, सुरुवातीला ०, २ आणि ६ आठवड्यांना, मग दर आठ आठवड्यांनी), अडॅलिम्युमॅब (पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली) आणि कोलायटिससाठी (मोठ्या आतड्याचा दाह) गोलिम्युमॅब, ही तिन्ही टीएनएफला अडवतात. त्वचेच्या तक्रारी सर्वांत जास्त याच गटात दिसतात. साधारण पाचांत एका रुग्णाला, कधी त्याहून थोड्या जास्त जणांना, कधी ना कधी त्वचेवर काहीतरी उठतं. त्यातल्या बहुतेकांना औषध थांबवावं लागत नाही. हे वाक्य मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर माझं अर्धं वर्ष वाचलं असतं.

वेडोलिझुमॅब मुख्यतः आतड्यापुरतं काम करतं, म्हणून त्वचेचा त्रास कमी. उस्टेकिनुमॅब वेगळाच संदेश अडवतं आणि ते मुळात सोरायसिसचंही औषध आहे. टोफासिटिनिब हे बायोलॉजिक नाही, गोळी आहे, पण आपल्याकडे कोलायटिससाठी बरंच दिलं जातं. त्यात नागीण होण्याची शक्यता वाढते, तेवढं लक्षात ठेवा.

पहिल्या डोसच्या आधी

क्षयाची तपासणी (छातीचा एक्स-रे, आणि रक्ताची किंवा हातावर टोचून करायची चाचणी), कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्ही यांच्या चाचण्या डॉक्टर करून घेतातच. त्वचेपुरती तयारी मात्र कुणी सहसा सांगत नाही. ती आपली आपण करायची.

घरात कुणाला सोरायसिस आहे का ते विचारा. आई-वडील, काका, आत्या, सगळे. कोकणात सोरायसिसला कुणी ‘कोड’ म्हणतं, कुणी ‘इसब’, आणि पुष्कळ घरांत त्याचं नावच काढत नाहीत. म्हणून “कोपरावर, गुडघ्यावर, डोक्यात जाड पांढऱ्या खपल्या कुणाला आहेत का” असं विचारा. माझ्या मामांना होत्या, हे मला नंतर कळलं.

दिवसाच्या उजेडात अंगाचे फोटो काढून ठेवा: दोन्ही तळहात, तळपाय, नखं, डोक्याची त्वचा केस बाजूला करून, पाठ, पोट, नडग्या. दहा-बारा फोटो होतात. पुढे “हा तीळ आधी होता का” असा प्रश्न आला की ह्या फोटोंसारखा साक्षीदार नाही.

गजकर्ण, नायटा, पायाच्या बोटांतल्या चिखल्या, खरूज, नखांची बुरशी, यातलं जे असेल ते आधी बरं करून घ्या. खरूज असेल तर घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध लावायचं, नाहीतर ती घरातल्या घरात फिरत राहते. प्रतिकारशक्ती कमी झालेल्या माणसाच्या अंगावर ती जाड खपल्यांची, खूप पसरणारी होऊ शकते.

लसींचं काय ते औषध सुरू होण्याआधीच ठरवा. कांजिण्या, गोवर-गालगुंड-रुबेला, पिवळा ताप ह्या जिवंत लसी. बायोलॉजिक सुरू झाल्यावर त्या चालत नाहीत. नागिणीची नवी लस जिवंत नाही, दोन डोसची आहे, औषध चालू असतानाही घेता येते. महाग आहे, पण नागीण एकदा भोगलेल्या माणसाला विचारून बघा. आणि एक गोष्ट बायकांसाठी: गरोदरपणात टीएनएफ अडवणारं औषध घेतलं असेल तर बाळाला जन्मल्याबरोबर बीसीजी, म्हणजे क्षयाची लस, टोचू द्यायची नाही, कारण तीही जिवंत लस आहे. ती निदान सहा महिने पुढे ढकलतात. आपल्या सरकारी दवाखान्यांत बीसीजी पहिल्याच दिवशी देतात, म्हणून बाळंतपणाच्या आधीच हे लिहून घेऊन फाइलला लावा.

चट्टा कशाचा? ओळखायला शिका

याला वेळ द्या. निदान डॉक्टरच करतील, पण फोनवर काय सांगायचं ते आपल्याला कळायला हवं. “अंगावर काहीतरी उठलंय” यावरून कुणालाच काही ठरवता येत नाही.

टोचल्या जागची लाली सर्वांत साधी. इंजेक्शननंतर दिवसभरात त्या जागी रुपयाएवढी लाल, गरम, खाजरी जागा दिसते आणि दोन-चार दिवसांत जाते. इंजेक्शनचं पेन फ्रीजमधून काढून पंधरा ते तीस मिनिटं बाहेर ठेवलं, स्पिरिट पूर्ण वाळू दिलं आणि दर वेळी जागा बदलली (उजवी मांडी, डावी मांडी, मग पोट, बेंबीपासून चार बोटं दूर) की निम्मा त्रास कमी होतो. टोचल्यावर चोळायचं नाही. पेन गरम करायला उन्हात किंवा गरम पाण्यात ठेवायचं नाही.

सलाईन चालू असताना किंवा लगेच नंतर अंगावर गांधी उठणं, ज्याला आपण ‘पित्त उठलं’ म्हणतो, ही वेगळी गोष्ट. घरी पित्त उठलं की आपण आमसुलाचं पाणी लावतो. इथे तसं करत बसायचं नाही, त्याच क्षणी नर्सला सांगायचं. बहुतेक वेळा सलाईनचा वेग कमी करून, अॅलर्जीचं इंजेक्शन देऊन काम भागतं. कधी ही प्रतिक्रिया उशिरा येते: सलाईननंतर काही दिवसांनी, दोन आठवड्यांच्या आत, ताप, सांधे आखडणं, जबडा दुखणं आणि अंगभर पुरळ. तेव्हा माणूस घरी असतो, आणि पावसाळा असेल तर सगळे म्हणतात चिकनगुनिया झाला. सलाईनची तारीख सांगितल्याशिवाय कुठल्याही डॉक्टरकडून उठू नका.

कोरडी त्वचा आणि इसब, म्हणजे कोपराच्या, गुडघ्याच्या आतल्या वळणात, मानेवर, पापण्यांवर खाज आणि कोंड्यासारखी सालं. सर्वांत जास्त जणांना हाच त्रास होतो, आणि नेमक्या याकडेच आपण दुर्लक्ष करतो.

माझं जे झालं ते उलट्या सोरायसिसचं. उलटा अशासाठी, की हीच औषधं सोरायसिस बरा करायलाही देतात. टीएनएफ अडवल्यावर काही जणांच्या त्वचेत इंटरफेरॉन-अल्फा नावाचा दुसरा संदेश मोकाट सुटतो आणि त्यातून सोरायसिस उभा राहतो. ही इंजेक्शनची अॅलर्जी नव्हे. टीएनएफ अडवणारी औषधं घेणाऱ्या शंभरांपैकी साधारण दोन ते पाच जणांत तो दिसतो, बायकांत आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत जास्त. औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांनीही येतो, दोन-तीन वर्षांनीही. तीन जागा बघायच्या. तळहात-तळपाय: पिवळसर पुळ्या, मग त्या तपकिरी होऊन सुकतात, कातडी सोलते, भेगा पडतात. डोकं: जाड खपल्या, आणि त्या जागचे केस मुठीने गळणं. कातडीच्या घड्या: काख, जांघ, कानामागे, बेंबीत, लालभडक आणि गुळगुळीत. कानामागची भेग मी महिनाभर चष्म्याच्या काडीमुळे पडली असं समजत होते.

पुळ्यांत पू दिसतो, पण त्यात जंतू नसतात. म्हणून त्या फोडायच्या नाहीत आणि अँटिबायोटिकने जात नाहीत.

आता कोकणातलं मोठं दुखणं: बुरशी. जांघेत, कमरेला, काखेत गोल, कडेला उठावदार आणि मध्ये साफ दिसणारा चट्टा म्हणजे गजकर्ण. गेल्या काही वर्षांत भारतभर हट्टी गजकर्ण पसरलंय. त्यामागच्या बुरशीला २०२० साली ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे वेगळं नाव मिळालं, आणि टर्बिनाफिन हे नेहमीचं औषध तिच्यावर पुष्कळदा चालत नाही. त्यात भर मिक्स मलमांची. स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एका ट्यूबमध्ये. स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, कड पुसट होते, बुरशी मात्र खाली वाढत राहते. मग त्वचेच्या डॉक्टरलाही चट्टा ओळखता येत नाही. २०१८ सालापासून ही स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे. मला चिठ्ठीशिवायच मिळालं, आणि तुम्हालाही मिळेल. घेऊ नका. चट्टा बुरशीचा आहे की सोरायसिसचा हे ठरवायला त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. साधी, स्वस्त, दहा मिनिटांची तपासणी आहे. मागून करून घ्या.

नागीण ओळखायची खूण म्हणजे एकाच बाजूला, पट्ट्यासारखी, आणि पुरळाच्या आधी दोन-तीन दिवस आग. आमच्याकडे अजूनही गेरू लावतात, आणि नागिणीचं तोंड-शेपूट मिळालं की माणूस दगावतो म्हणतात. तसं काही नसतं. पण विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर उत्तम, हे मात्र खरं. डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर असेल तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. दुखण्यासाठी मेडिकलमधली कुठलीही वेदनाशामक गोळी घेऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी आतड्याचा आजार उसळू शकतो.

मासेमारीच्या घरांसाठी खास: मासा लागणं, काटा रुतणं, कालवं काढताना हात कापणं या गोष्टी आपण जखम धरतच नाही. खाऱ्या पाण्यातले काही जंतू प्रतिकारशक्ती दबलेल्या माणसात तासातासाला वाढतात: कापल्याजागी लाली पसरते, निळसर फोड येतात, ताप भरतो. ही रात्रीच्या रात्री हॉस्पिटल गाठायची गोष्ट. दुसरा जंतू संथ असतो. बोटावर गाठ, मग आठवड्यांनी मनगटावर, मग कोपराकडे, एका रांगेत. तो क्षयाच्या जंतूचा भाऊबंद आहे आणि नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद देत नाही. दोन्ही वेळी डॉक्टरांना “काटा रुतला होता” हे आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही.

फिकट किंवा तांबूस चट्टा आणि त्यावर स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध फुकट मिळतं आणि आजार पूर्ण बरा होतो. लाजून घरी बसायचं काही कारण नाही.

काही चट्टे औषधाचे नसतातच, आजाराचे असतात. नडगीवर लाल, दुखऱ्या, गरम गाठी (एरिथेमा नोडोसम) बहुधा पोट उसळलं की येतात आणि पोट शांत झालं की जातात. पायाला साधं खरचटलं आणि दोन दिवसांत तिथे जांभळ्या कडेचा, खोल, भयंकर दुखणारा व्रण झाला तर तो पायोडर्मा गँग्रिनोसम असू शकतो. त्यावर चिरफाड केली की तो आणखी वाढतो. “मला क्रोन्स आहे, कापण्याआधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवू द्या” हे वाक्य पाठ करून ठेवा. या दोन्हींवर तर उलट टीएनएफ अडवणारी औषधंच वापरतात. म्हणजे चट्टा बघून इंजेक्शन बंद करणारा माणूस त्या चट्ट्याचंच औषध बंद करत असतो.

तोंडाच्या कडा चिरणं, तोंडाभोवती आणि बोटांवर सालं निघणं हे जस्ताच्या किंवा बी जीवनसत्त्वांच्या कमतरतेनेही होतं, जुलाब लांबले की हमखास. आणि अझाथायोप्रीन ही प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी सुरू केल्यावर दोन-तीन आठवड्यांत भसाभस केस गळायला लागले तर त्याच दिवशी रक्ताच्या पेशी मोजून घ्या. आशियाई लोकांत एका जनुकातल्या फरकामुळे हे औषध जड जातं. केस आधी गळतात आणि पांढऱ्या पेशी कोसळतात.

चट्टा दिसला, आता काय

पहिल्या दिवशी फोटो. शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून, लांबून एक, जवळून एक. कधी दिसला, शेवटचा डोस कोणत्या तारखेला, नवीन काय लावलं-खाल्लं-हाताळलं, ते वहीत. आपल्याकडे ‘हाताळलं’ फार महत्त्वाचं: आंब्याचा चीक, काजूबियांचं तेल, खाजकुयली, पावसाळ्यातले सुरवंट. चिकाचं किंवा काजूतेलाचं भाजणं जिथे लागलं तिथेच असतं आणि बहुधा अंगाच्या उघड्या भागावर. पण एक मेख आहे. सोरायसिसची प्रवृत्ती असेल तर जिथे भाजलं-खरचटलं तिथेच तो उगवतो. माझ्या डाव्या मनगटावरचा चट्टा नेमका चिकाच्या डागावर आला होता.

चट्ट्यावर, बुरशीला किंवा आगीला म्हणून कुणी सांगेल ते, काही लावायचं नाही. साधं व्हॅसलिन किंवा खोबरेल चालतं, तेवढंच. बिब्बा, निवडुंगाचा चीक, लसणीचा लेप, गोमूत्र, हे सगळं त्वचा आणखी भाजतं किंवा जंतू आत नेतं. बिब्ब्याने उठलेले फोड घेऊन आलेले रुग्ण त्वचेच्या डॉक्टरांना नवे नसतात.

मग इंजेक्शनचं काय? मी हा नियम माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहिलाय:

ताप, पू, पसरणारी लाली, नागीण, कांजिण्या, उघडी जखम: म्हणजे जंतूसंसर्गाची शंका. पुढचा डोस घेण्याआधी फोन. डॉक्टर बहुधा डोस थोडा पुढे ढकलतात.

कोरडे चट्टे, खपल्या, खाज, तळव्याच्या पुळ्या, ताप नाही: डोस चुकवायचा नाही. दोन आठवड्यांत त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायचं.

डोस मध्येच सोडून पुन्हा सुरू केला की शरीर औषधाविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार करतं. मग औषध लागू पडेनासं होतं, आणि इन्फ्लिक्सिमॅब असेल तर पुढच्या सलाईनला प्रतिक्रिया येण्याची भीती वाढते. हे औषध दाढदुखीच्या गोळीसारखं हवं तेव्हा घेण्याजोगं नाही. माझे चुकवलेले दोन डोस मला सहा महिन्यांच्या स्टेरॉइडला पडले.

तासाभरात निघायचं ते असं: तोंड-ओठ सुजणं, श्वास लागणं, अंगावर फोड येऊन कातडी सुटणं, डोळे-तोंड-लघवीच्या जागी व्रण, तापाबरोबर झपाट्याने पसरणारी लाली, अंगभर पुळ्या. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जा, १०८ ला फोन करा. कणकवली, रत्नागिरी, गोव्यातलं बांबोळी इथल्या मोठ्या हॉस्पिटलांचा विचार तिथे गेल्यावर.

उपचार पायरीपायरीने चढतात

त्वचेच्या डॉक्टरकडे जाताना पोटाची फाइल न्यायची, आणि त्यांची चिठ्ठी पोटाच्या डॉक्टरांना व्हॉट्सअॅपवर पाठवायची. आमच्याकडे एक डॉक्टर तालुक्याला आणि दुसरे कोल्हापूरला किंवा मुंबईला असतात. ते एकमेकांशी बोलतील अशी वाट बघत बसू नका, मधला निरोप्या आपणच.

इसब आणि सौम्य सोरायसिस यांत आधी मलमं. डॉक्टरांनी ठरवून, दिवस मोजून दिलेलं स्टेरॉइड मलम आणि मेडिकलमधलं मिक्स मलम यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्याचं मापही असतं: ट्यूबमधून तर्जनीच्या शेवटच्या पेरावर काढलेली रेघ दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. जाड कातडीला तळपायावर जोरकस मलम, रात्री लावून वर सुती मोजे. चेहरा, काख, जांघ इथे तेच मलम कधीच नाही, तिथली त्वचा पातळ होऊन रेषा पडतात. सोबत व्हिटॅमिन डीच्या जातीचं कॅल्सिपोट्रिऑल, भेगांना युरियाचं क्रीम, डोक्याला लोशन किंवा डांबरयुक्त शांपू. बहुतेकांचं इथेच भागतं.

नाही भागलं तर यूव्ही किरणांचे उपचार किंवा मेथोट्रेक्सेट. सोरायसिसला तोंडाने स्टेरॉइड सहसा देत नाहीत, बंद करताना तो उसळतो. आणि हे नीट वाचा: त्वचेच्या डॉक्टरांनी सेक्युकिनुमॅब किंवा त्या गटातलं इंजेक्शन सुचवलं तर “मला क्रोन्स आहे” हे पुन्हा एकदा सांगा. सोरायसिसला ते छान आहे, पण क्रोन्स त्याने बिघडू शकतो.

चट्टे अंगभर पसरले, केस जात राहिले, चालणं-काम करणं अशक्य झालं, तर मग औषध बदलायचा विचार. एका टीएनएफ-अडवणाऱ्याऐवजी दुसरं घेतलं तर सोरायसिस पुन्हा येण्याची शक्यता बरीच असते, म्हणून गटच बदलतात. उस्टेकिनुमॅब पोट आणि त्वचा दोन्हीला चालतं. मला तेच दिलं. तळपाय साफ व्हायला जवळजवळ चार महिने लागले, आणि डोक्यावरचे केस हळूहळू परत आले. आमच्याच पंचक्रोशीतल्या एका तरुणाला मात्र नुसत्या मलमांनी आराम पडला, तो अजून अडॅलिम्युमॅबवरच आहे. दोन्ही वाटा बरोबर आहेत.

पुरळासोबत सांधे सुजले, थकवा आला, उन्हात गाल लाल झाले, तर औषधाने होणाऱ्या ल्युपसची रक्ततपासणी करतात. तो ठरला तर मात्र औषध बंदच करावं लागतं आणि लक्षणं बहुधा ओसरतात.

आपल्या हवेत त्वचा कशी राखायची

मृगापासून नवरात्रापर्यंत कपडे धड वाळत नाहीत, आणि बुरशीला एवढंच पुरतं. आतले कपडे दमट असतील तर इस्त्री फिरवूनच घाला, शिवणीवर नीट. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. आंघोळीनंतर बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या करा. घट्ट जीन्स या चार महिन्यांत कपाटात.

लावणीला चिखलात उतरायचं असेल तर गमबूट, आणि पायाला भेग किंवा चिखल्या असतील तर उतरायचंच नाही. लेप्टो (उंदरांच्या लघवीतून चिखलात येणारा तापाचा जंतू) तिथूनच शिरतो. घरातल्यांना वाईट वाटतं, लावणीच्या दिवसांत एक हात कमी होतो हे मलाही कळतं. पहिल्या वर्षी मी बांधावर बसून तरवा जुडीला बांधून दिला. उतरावंच लागलं तर लेप्टो टाळायच्या डॉक्सिसायक्लिन गोळीबद्दल आधी डॉक्टरांना विचारा.

भेगांना कोकमाचं तेल खरंच चांगलं. घट्ट वडी तळहातात चोळली की वितळते, धुतलेल्या कोरड्या पायाला रात्री लावायची. भेग चिघळलेली नसावी एवढंच. साबण सौम्य, घासणी नको, पाणी कोमट. आंघोळ झाल्यावर तीन मिनिटांच्या आत, अंग ओलसर असतानाच, खोबरेल किंवा वासाविना क्रीम. पेट्या भरताना आणि काजू सोलताना हातमोजे, आत सुती आणि वर रबरी.

इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवायचं, गोठू द्यायचं नाही. २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड आणि दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीज नव्हती, पुढच्या वर्षी तौक्तेने आम्हालाही तेच दाखवलं. पेन बाहेर किती दिवस टिकतं ते खोक्यातल्या कागदावर लिहिलेलं असतं, पण ते बहुधा २५ अंशांपर्यंतचं असतं, आणि मे महिन्यात आमचं माजघरसुद्धा २५ अंशांच्या खाली नसतं. थर्मास-पिशवी आणि बर्फाच्या जेल पिशव्या पावसाळ्याआधी आणून ठेवा. पेन आणि जेल यांच्यामध्ये फडकं घालायचं, थेट चिकटवायचं नाही.

ऊन अंगावर घेताना, विशेषतः अझाथायोप्रीन सोबत असेल तर, पूर्ण बाह्या, टोपी आणि एसपीएफ ३० किंवा वरचं सनस्क्रीन. त्या औषधाने उन्हातल्या त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. आपल्या सावळ्या कातडीला तो कमी, पण शून्य नाही. टीएनएफ-अडवणाऱ्या औषधांच्या संदर्भात मेलानोमा या त्वचेच्या काळ्या डागाच्या कर्करोगाचंही नाव घेतात, आणि तो आपल्या लोकांत तळपायावर आणि नखाखाली लपतो. म्हणून वर्षातून एकदा त्वचेच्या डॉक्टरांकडे, आणि महिन्याला एकदा घरी. मी अमावास्येला करते, लक्षात राहायला सोपं. खिडकीपाशी पाटावर बसायचं, पाय उलटा करून बघायचा, बोटांच्या बेचक्या, दहाही नखं, मग पाठ आणि डोकं दुसऱ्याला बघायला सांगायचं. नखात काळी उभी रेघ रुंद होत असेल, तळव्यावरचा डाग कडेने वेडावाकडा पसरत असेल किंवा एखादा फोड महिना झाला तरी भरत नसेल, तर जुना फोटो काढून शेजारी ठेवा आणि दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जा.